वापसा येऊ द्या

आमच्या अण्णांना हळू बोलता येत नसे. रझाकारीच्या दिवसांत कुणीतरी त्यांच्या उजव्या कानावर काठी घातली, तेव्हापासून तो कान गेला तो गेलाच. आणि ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, तो माणूस सगळं जग बहिरं आहे असं समजून बोलतो. घरात मीठ मागायचं असलं तरी बांधावरून हाक मारल्यासारखं मागायचे. माय म्हणायची, "जरा हळू. तळ्यातले मासे भिऊन काठाला येतील." तळं म्हणजे हर्सूलचं. आमचं रान त्याच्या खालच्या अंगाला, आणि रानातच घर. पहाटे मोटेच्या चाकाची कुरकुर, मग मोट थारोळ्यात रिकामी होताना पाण्याचा धबाका, मग बैलांवर अण्णांचं ओरडणं, या तीन आवाजांवर आमचा दिवस उगवायचा. आता मी राहते तिथं सकाळी पाण्याच्या टाकीची मोटार घरघरते. तिच्यावर कुणी ओरडत नाही, म्हणून मला ती अर्धवट वाटते.

पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर आम्ही हद्दीपलीकडच्या इलाख्यातल्या मामाकडून परत आलो, तेव्हा घराला दार नव्हतं. चौकटीसकट कुणीतरी नेलं होतं. अण्णांनी नवं दार केलं आणि मायनं त्याला हाताएवढा जाड अडसर करवून घेतला. आता भ्यायचं काही राहिलं नाही, असं सगळेच सांगत होते. पण माय दिवसाढवळ्यासुद्धा अडसर घालून भाकरी थापायची, आणि बाहेर कुणी खोकलं की तिचा हात परातीत थांबायचा. भीती दोन्हीकडची होती, हे मला पुढं कळलं. एक काळ आम्ही पळत होतो, मग ते पळायला लागले. शहरातल्या काही गल्ल्यांना दिवसासुद्धा आतून कड्या असायच्या.

त्याच दिवसांत आमच्या रानाला लागून असलेल्या पडीक गायरानाचे सरकारनं तुकडे पाडले. शहरात ज्यांच्याकडं बोटभर जमीन नाही पण खायला तोंडं आहेत, अशांना एकेक तुकडा द्यायचा. त्यांनी भाजीपाला पिकवायचा, खायचा, उरला तर विकायचा. पाणी आमच्याच विहिरीचं. नव्या लोकांना सुरुवात करून देण्याचं काम अण्णांच्या गळ्यात पडलं. अण्णा वरवर कुरकुर करायचे, पण मनातून त्यांना ते लई आवडलं होतं. "बैल शिकवनं सोपं," ते म्हणायचे, "बैल निदान सवाल करत नाय." सवाल करणारे होतेच. कचेरीत टायपिंग करणारे वसंतराव नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, बी किती खोल टाकायचं? अण्णा म्हणाले, बोटाच्या पेराइतकं. वसंतराव म्हणाले, कुणाच्या बोटाच्या? अण्णांनी आपलं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं आणि ते बोट पाहून वसंतराव पुन्हा काही विचारायला आले नाहीत. सगळ्यांना एकच अट होती. पाहणीला साहेब येईपर्यंत ज्याचा तुकडा पेरलेला नसेल, त्याचा काढून दुसऱ्याला दिला जाणार.

वसंतरावांच्या शेजारचा तुकडा करीमचाचांचा. चाचा हिमरू विणणारे. दिल्ली दरवाज्याच्या आत त्यांचं घर, आणि घरात माग. पण हिमरूच्या शेरवान्या घालणारे आता कुठं गेले होते कुणास ठाऊक. माग उभा होता आणि त्यावर चाची कपडे वाळत घालायच्या. मुलगा आधीच हैदराबादेला गेलेला, त्याचा पत्ता नव्हता. नवराबायको दोघंच राहिली होती आणि दोघांच्या पोटाला हा तुकडा हाच काय तो आधार होता. ती पहिल्यांदा आली तेव्हा चाचींनी बुरखा काढून बाभळीच्या फांदीला टांगला, घडी नीट केली, आणि मगच खुरपं हातात घेतलं. चाचांचे हात रेशमावर फिरलेले, मऊ. ते माती उचलायचे ती मोडेल अशा बेतानं. अण्णांनी वाफे पाडून दाखवले. "ह्याला वाफा म्हनायचं. वा-फा!" चाचा हसले. "वफा? बहोत अच्छा लफ्ज है." त्यांच्या बोलीत वफा म्हणजे इमान. तेव्हापासून ते आपल्या तुकड्यातल्या वाफ्यांना वफाच म्हणायचे, आणि अण्णांना उजव्या बाजूनं काही ऐकू येत नसल्यामुळं अण्णांना ते बरोबरच वाटायचं. या गमतीला तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. शब्द असा दोन घरांत दोन अर्थांनी नांदतो, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. पण हसताना कोण विचार करतो.

वाफे झाले, अण्णांनी मोट धरून पाणी दिलं, रान भिजलं. काळ्या मातीचं एक तंत्र आहे. ती ओली असताना तिच्यात पाय घालायचा नाही, नाहीतर तिची ढेकळं होतात आणि ती दगडासारखी वाळतात. पार कोरडी झाली तरी उपयोग नाही, बी उगवत नाही. ओल्या-कोरड्याच्या मधे एक वेळ येते. तेव्हा माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि खाली टाकला तर तो मोकळा फुटतो. त्या वेळेला आमच्याकडं वापसा म्हणतात. रानाला वापसा आला की पेरायचं, त्याच्या आधी नाही, आणि नंतर तर नाहीच. वापसा कुणासाठी थांबत नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी चाचा-चाची मेथीचं बी फडक्यात बांधून हजर झाली. हौस होती बिचाऱ्यांना. चाचींनी बुरखा बाभळीला टांगला आणि चाचा चिखलात पाय टाकणार, एवढ्यात अण्णांनी मोटेवरून ते पाहिलं. त्यांनी बैल थांबवले, दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले आणि रान दणाणून सोडलं. "आज नको! आज नको! वापसा नाय! वापसा येऊ द्या!" मी पाटाशी उभी होते. चाचांनी पाय मागं घेतला, कानाला हात लावला आणि विचारलं, "वापस?" अण्णांना डाव्या कानानं तेवढाच शब्द ऐकू आला आणि त्यांना असा आनंद झाला की काय सांगू. पहिल्यांदाच कुणा नव्या माणसानं शब्द उचलला होता. "व्हय! व्हय! वापसा! शाब्बास!" चाचांनी बियांचं फडकं काखेत मारलं. मग चाचींनी फांदीवरचा बुरखा काढून अंगात घातला, आमचं मागून नेलेलं खुरपं बुरख्याच्या टोकानं पुसून बांधावर आडवं ठेवलं, आणि दोघं आल्या वाटेनं निघून गेली. अण्णा मला म्हणाले, "पाह्य इंदे, मानूस समजदार हाय. दुसरा असता तर तुडवत बसला असता."

त्यानंतर ती दोघं आली नाहीत. अण्णा सकाळ-संध्याकाळ त्यांच्या वाफ्याशी जाऊन मूठ दाबून बघायचे. वापसा आला. बाकीच्यांच्या तुकड्यांना पाणी आधी दिलेलं, त्यांचं पेरून झालं होतं. चाचांचा तुकडा तेवढा काळाभोर मोकळा. मग अण्णा चिडले, मग गप्प झाले, आणि अण्णांचं गप्प होणं घराला सोसत नसे. वसंतराव आपल्या वाफ्याला पाणी घालता घालता म्हणाले, "ते आता कशाला येतात, अण्णा? गेले असतील हैदराबादला, नाहीतर पार सीमेपलीकडं. साहेब उद्याच येतायत. माझ्या तुकड्याला लागूनच आहे, म्हटलं अर्ज टाकून ठेवावा." वाईट माणूस नव्हता. त्यालाही घरी पाच-सहा तोंडं होती. पण "पार सीमेपलीकडं" हे त्यानं इतक्या सहज म्हटलं की मला त्याचा राग आला, तो अजून आहे.

जेवताना येसराची आमटी होती, अण्णांच्या आवडीची. अण्णांनी भाकरी कुस्करली आणि नुसतीच कालवत बसले. म्हणाले, "आजच्या दिवस वापसा ऱ्हाईल. उद्या ती माती गोटा झाली म्हना." माय म्हणाली, "झाली तर होऊ द्या. आपन कोन त्यायचे? न्हाई आले तर न्हाई आले." अण्णा म्हणाले, मी जाऊन बघतो. मायचा हात थांबला. "त्या गल्लीत? तुमच्या कानाला ईचारा आधी." घरात असं बोलणं कधी झालं नव्हतं. कानाचा विषय कुणी काढत नसे. अण्णांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मायला उलटं उत्तर दिलं. "कान माझा हाय. त्याला मी ईचारीन." मग मला म्हणाले, "इंदे, चल. तुला त्यायची बोली येती. मला निम्मं ऐकू येत न्हाई."

बोली येत होती, कारण माझी शाळा उर्दूच होती. ती त्याच वर्षी मराठी झाली आणि मी पुन्हा पहिल्या इयत्तेतल्यासारखी काना-मात्रा गिरवत होते. माय माझा हात सोडेना. "पोरगी न्यायची नाय," म्हणाली. अण्णा उठले. ते चाचांच्या वाफ्यात गेले, मूठभर माती उचलून रुमालात बांधली, म्हणाले, "माती दावतो त्याला. मानसाच्या बोलन्यावर नसंल, मातीवर तर ईश्वास ठेवील." मी मायचा हात सोडवला. आम्ही अंगणातून बाहेर पडलो तेव्हा मागं अडसर पडल्याचा आवाज आला. तो आवाज त्या दिवशी मला जितका मोठा वाटला तितका कधी वाटला नाही.

दिल्ली दरवाज्याच्या आत आम्ही हजारदा गेलो असू, पण त्या गल्लीत आता बाहेरचं कुणी जात नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस आम्हाला पाहून उठून उभा राहिला. एक बाई अंगणात खेळणारं पोर उचलून आत गेली. पूर्वी इथून जाताना मागांची खटखट दोन्ही बाजूंनी कानावर पडायची. आता आमच्याच वहाणांचा आवाज ऐकू येत होता. आणि अण्णांनी गल्लीच्या मधोमध उभं राहून विचारलं, "करीमचाचाचं घर कंचं?" विचारलं म्हणजे काय, गर्जना केली. दोन दारं लागली. दुकानातला माणूस दोन पावलं पुढं आला. मी शाळेतल्या उर्दूत, कविता म्हणावी तशा सुरात, त्याला म्हणाले की आम्ही खेतवाले आहोत, चाचांना भेटायचं आहे. तो माझ्याकडं, अण्णांच्या मिशांकडं आणि मग हातातल्या रुमालाकडं बघत राहिला. रुमालात काय असेल असं त्याला वाटलं, देव जाणे. शेवटी त्यानं हनुवटीनं एक दार दाखवलं.

दार बोटभर उघडलं. आत चाचींचा डोळा दिसला. त्या माझ्याशीच बोलल्या, अण्णांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "अब क्या है बेटी? हम आए क्या फिर उधर? तुम्हारे अब्बा बोले वापस, हम वापस आ गए. ये पूछे भी, वापस? तो बोले हौ, वापस. ऊपर से शाब्बास बोले." शाब्बास हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज फाटला. "बूढ़े आदमी कू ऐसा नहीं बोलना था."

मला क्षणभर काही कळेना, आणि मग सगळंच एकदम कळलं. मोटेवरचे ते उचललेले हात, ती आरोळी, चाचांचा कानावरचा हात. त्या दिवसांत जो शब्द ऐकायची त्यांना रोज धास्ती होती, नेमका तोच शब्द आमच्या अण्णांनी आनंदानं, दोन-दोनदा, शाब्बासकी देऊन त्यांच्यावर फेकला होता. मी अण्णांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. अण्णांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता, काठी बसली तेव्हासुद्धा नसेल. "मी? मी त्यायला जा म्हनलो?" सगळ्या गल्लीनं ते ऐकलं. मग त्यांनी उंबऱ्यावर उकिडवं बसून रुमाल सोडला, माती मुठीत घट्ट दाबली, गोळा दारातल्या फटीसमोर धरला आणि सोडून दिला. तो त्या सारवलेल्या उंबऱ्यावर पडला आणि मोकळा झाला. "ह्याला म्हंत्यात वापसा! ह्या मातीला! वापसा म्हंजी जा नव्हं, चाचा! वापसा म्हंजी ये!"

दार उघडलं ते चाचांनी. ते खाली वाकले, चिमूटभर माती बोटांत घेऊन चोळली, जशी विणकर दोऱ्याची खळ बघतो तशी. "न गीली, न सूखी," ते पुटपुटले. मग चाचींना म्हणाले, "मिट्टी का नाम है, बेगम." चाचींनी ओढणीनं तोंड झाकलं, हसल्या की रडल्या, मला अजून सांगता येणार नाही. अण्णा म्हणाले, चला, आत्ताच चला, उद्या साहेब येतोय आणि ऊन असं हाय की सांजेपर्यंत माती धरती का नाय सांगता येत न्हाई. चाचा मात्र हलेनात. "लफ्ज समझ गया, भाई. मगर रास्ता?" हा प्रश्न मला अण्णांना पुन्हा सांगावा लागला नाही. "रस्त्याला मी हाय ना," अण्णा म्हणाले.

परतताना दरवाज्याच्या कमानीखाली चार-सहा जण बसले होते. आम्ही गेलो तेव्हा ते नव्हते. पुढं अण्णा, मधे चाचा-चाची, मागं मी. त्यांतला एक उठला. "काका, ह्यायला कुठं नेऊ ऱ्हायले?" तो अण्णांच्या उजव्या बाजूला होता, अण्णांना ऐकूच आलं नाही, ते चालत राहिले. अण्णांनी ते मुद्दाम केलं असं वाटून तो आडवा आला, आणि बाकीचे उठले. चाची थांबल्या. त्यांच्या बुरख्याचं टोक माझ्या हातात आलं होतं, ते मी कधी धरलं ते मला आठवत नाही. अण्णांना समोर माणूस दिसला तेव्हा त्यांनी डावा कान पुढं केला. "काय म्हनला?" "म्हनलं, कुठं नेता ह्यायला?"

"पेरायला!" अण्णा ओरडले. "ऊन चाललंय वर, सर बाजूला!"

कमानीत तो आवाज असा घुमला की वरची कबुतरं उडाली. तो माणूस इतका दचकला की बाजूला झाला. मागचा एक जण हसला, आणि त्या हसण्यानं वाट मोकळी झाली. मला ती माणसं चांगली होती की वाईट, हे ठरवता आलेलं नाही. पेरायला जाणाऱ्याला अडवू नये, एवढं त्यांच्यात कुठंतरी शिल्लक होतं म्हणायचं.

माती अजून धरून होती. कडेकडेनं तडकायला लागली होती, पण आत वापसा होता. चाचांनी खिशातून दोऱ्याची गुंडी काढली, वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली, आणि दोऱ्याखालून बी सोडत गेले. दिवस मावळेपर्यंत आम्ही पेरत होतो. अण्णांनी एकदासुद्धा कुणाला हटकलं नाही. वसंतराव आपल्या बांधावर उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बुटांना माती लागू नये म्हणून बांधाबांधानं चालत होते. बाकीच्यांचे कोंब वर आलेले. चाचांच्या तुकड्यात काळ्या मातीशिवाय काय दिसणार? वसंतराव हळूच म्हणाले, "हा मोकळाच आहे, साहेब. मी अर्ज केलाय." साहेबांनी चाचांना विचारलं, "पेरलं नाही?" अण्णा ओरडायला तोंड उघडणार, तोच मागून कुणीतरी त्यांचा दंड धरला. माय होती. अडसर काढून, दार उघडं टाकून, डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन ती बांधावर आली होती. "तुमी गप ऱ्हावा," ती म्हणाली, "त्यायला बोलू द्या."

चाचा पुढं झाले. "पेरा है, साहेब. पानी दिया. फिर रुका. वापसा आला, मंग पेरा."

साहेब थांबले. "काय आला?"

"वापसा," चाचा म्हणाले, आणि रिकामी मूठ दाबून, उघडून दाखवली.

साहेब कुठल्यातरी खेड्यातलेच असणार. ते चाचांच्या मुठीकडं बघत राहिले, मग हसले, वसंतरावांना म्हणाले, "ह्यांचं राहू द्या," आणि पुढच्या बांधाकडं वळले. मायनं टोपली खाली ठेवली आणि पहिली भाकरी चाचींच्या हातावर दिली. वर ठेचा.

मेथी उगवली ती दोरीत, पैठणीच्या काठासारखी. त्या तुकड्यावर पुढं कितीतरी वर्षं चाचांनी भाजी काढली. संध्याकाळी घरी निघताना ते मुद्दाम अण्णांच्या उजव्या बाजूला उभे राहून म्हणायचे, "चलो, अब वापस," आणि अण्णांना वाटायचं ते रानाचं विचारतायत, मग अण्णा ओरडायचे, "अजून कुठला वापसा, आत्ताच तर पानी दिलंय!" त्यावर चाची रोज हसायच्या, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. आता तिथं तीन मजली घरं आहेत, आणि एकाच्या गच्चीवर कुणीतरी कुंड्यांत मेथी लावली आहे. मी बसमधून जाताना बघते. पाणी फार घालतात.

चाचा गेले तेव्हा अण्णा बरेच थकले होते. तरी कब्रस्तानात गेले. दुपारी परत आले ते ओट्यावर बसून राहिले, हात धुवायला उठेनात. मी पाणी घेऊन गेले तर तळहाताला माती तशीच. तिथं प्रत्येकानं मूठ-मूठ माती द्यायची असते, म्हणाले. "मी मूठ दाबली. सवय हाय ना. टाकली तं मोकळी झाली."

मग ते पुढं काहीतरी बोलले, पण इतक्या हळू, की जन्मात पहिल्यांदा मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"वापसा होता," अण्णा म्हणाले.